सरांचं वारूळ

आधीच हात जोडते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, जोडाक्षर आलं की पेन अडतं, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यातून ही वही चौकटींची आहे. सर यात गुहांचे आणि बोगद्यांचे नकाशे काढायचे, उरलेली पानं जाताना मला देऊन गेले. एका चौकटीत एक अक्षर बसवायला जावं तर काना बाहेर पडतो आणि मात्रा वरच्या ओळीत जाते. वाचणारं तसं कोणी नाही. ही वही मी पिठाच्या डब्याखाली ठेवते. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर चुका माझ्या आहेत, सरांच्या नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

सर पुण्याला बहिणीकडे राहायला गेले त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या गल्लीत त्यांना किडेवाले मास्तर म्हणायचे. मास्तर ते कधीच नव्हते. ते राक्षस बनवायचे. हे मी गमतीनं लिहीत नाही, तेच त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात, परदेशात त्याची मोठी पुस्तकं निघतात, त्या पुस्तकांसाठी सर राक्षस लिहून पाठवायचे. तो दिसतो कसा, खातो काय, भितो कशाला आणि मरतो कसा. एक राक्षस पास झाला की त्याचे पैसे यायचे.

वीस-बावीस वर्षं बिड्या वळून माझी बोटं आखडायला लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे भाकरी-भांड्यांच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले, पदर तोंडाला. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लहानपणापासूनचं आहे. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी मी शेजारच्या मुलीकडे बघायचे आणि ती माझं नाव सांगायची. सरांनी कडक भाकरी येते का, पगार किती घेणार, काही विचारलं नाही. म्हणाले, "मुंग्यांची किळस वाटते का तुम्हाला?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मग उद्यापासून या, ताई."

दुसऱ्या दिवशी कळलं तसं का विचारलं ते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळ्या मुंग्यांची ही लांब रांग. मी झाडू उचलला तसे सर आतून धावत आले. "थांबा ताई, आज त्यांचा बाजार आहे." सर भिंतीच्या कडेला गुळाचा खडा ठेवायचे आणि दर मंगळवारी तो हातभर सरकवायचे. मग घड्याळ घेऊन खाली बसायचे, मुंग्यांना नवी जागा किती वेळात सापडते ते बघत. भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण लिहिताना ते पालथे पडलेले असायचे. मी त्या कोपऱ्याला वळसा घालून झाडायला शिकले. अजूनही मुंग्यांच्या रांगेवरून माझा झाडू जात नाही.

झुरळ मारायचं तर आधी त्याचं चित्र काढायचं. चित्र होईपर्यंत झुरळ काचेच्या पेल्याखाली. चित्र झालं की सर म्हणायचे, आता ओळख झाली, आता कसं मारणार, आणि पेल्याखाली पुठ्ठा सरकवून त्याला मागच्या मोकळ्या जागेत सोडून यायचे. त्या पेल्याला मी लाल दोरा बांधून ठेवला होता, पाहुण्यांना त्यात चहा जाऊ नये म्हणून.

त्यांच्याकडे फासे होते, वीस-वीस पैलूंचे, रंगीत, गोळ्यांसारखे दिसणारे. खेळात एखाद्या फाशानं सारखा वाईट आकडा दिला की सर त्याला शिक्षा करायचे. शिक्षा म्हणजे गच्चीवर उन्हात ठेवायचं. मे महिन्यातली सोलापूरची गच्ची म्हणजे तापलेला तवा. एकदा मी वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गेले तर त्यात तीन फासे. मी खाली आणून दिले. सर गंभीरपणे म्हणाले, यांचे अजून दोन दिवस राहिलेत, आणि स्वतः वर जाऊन परत ठेवून आले.

भाजीवाली, पोस्टमन, गॅसवाला, कोणी दारात आलं की सर त्यांना एकच विचारायचे, समोरच्याच्या मनातलं तुम्हाला कळतं का. गॅसवाला हसून निघून गेला. पोस्टमन म्हणाला, मला पत्त्यावरचंच कळत नाही. भाजीवाली मात्र टोपली खाली ठेवून म्हणाली, "कळतं की. तुमी आता कोथिंबीर फुकट मागणार हाय." सर असे हरखले की कोथिंबीर न मागताच आत पळाले आणि ते लिहून ठेवलं.

कारण त्यांच्या डोक्यात तेव्हा तो मोठा राक्षस चालू होता. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक, माझ्या जिभेवर बसेना. मी मनातल्या मनात त्याला वारूळ म्हणायचे. एकदा तोंडातून निघून गेलं, तर सरांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून तेही वारूळच म्हणायला लागले.

वारूळ म्हणजे वासराएवढे पांढरे किडे, पुष्कळ. एक आकाशयान वाळूत रुतून मोडून पडलंय, त्यात ते राहतात. यान यंत्राचं आहे, पण चालायचं मंत्रावर. किडे बोलत नाहीत. त्यांचं सगळ्यांचं मिळून मन एकच. माणूस जवळ आला की ते त्याच्या मनात शिरतात. भाजीवालीमुळे सरांनी असं केलं, की त्यांना मनातलं सगळं कळत नाही, फक्त या माणसाला काय हवंय तेवढंच कळतं. मग त्या माणसाला तेच समोर दिसायला लागतं आणि तो आपण होऊन आत चालत जातो. हे सर मला सांगायचे तेव्हा मी भांडी घासत असायचे. मला भीती नाही वाटली. मला वाटलं, बिचारे, त्यांना तरी दुसरं काय येतं.

सर म्हणायचे, राक्षस मेल्यावर खेळणाऱ्याला थोडं वाईट वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर तो राक्षस नव्हता, अडथळा होता.

वारूळ पुस्तकवाल्यांकडून दोनदा परत आलं. पहिल्यांदा सरांनी त्यात एक राणी घातली होती. राणी मारली की सगळे किडे मरायचे. तिकडून उत्तर आलं की राणीवाले किडे आमच्याकडे पोत्यानं पडलेत. दुसऱ्यांदा सरांनी राणी लपवली. उत्तर आलं की लपवली तरी राणी ती राणीच. तोवर घरातले आधीचे पैसे संपले होते आणि वारूळ सोडून दुसरं काही लिहायला सर तयार नव्हते.

त्यामुळे माझा पगार थांबला. महिना अडीच हजार. मागायचा माझा स्वभाव नाही आणि सर विसरले होते असंही नाही. एक तारखेला ते न चुकता माझ्या हातात पाकीट द्यायचे. आत पैसे नसायचे. पाकिटावर एक मुंगी काढलेली असायची. म्हणाले, "सवय मोडू नये म्हणून देतोय, ताई. वारूळ पास झालं की यात पैसे पडतील." दुसऱ्या महिन्याच्या पाकिटावर दोन मुंग्या, तिसऱ्याच्या तीन. मुंग्या इतक्या जिवंत काढलेल्या की मी ती पाकिटं पेटीत वेगळी ठेवायचे, कपड्यांवर चढतील असं वाटायचं.

तेव्हाच माझी मुलगी गरोदर राहिली. ती कुर्डुवाडीला दिली आहे, जावई रेल्वेच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण आईकडं, ही आमची रीत. दवाखाना, डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जावयाच्या घरच्यांची ऊठबस. हे यंत्रमागावर जातात, त्यांच्या पगारात घर चालतं, वरचं काही निघत नाही. मी हिशोब केला होता की पोर यायच्या आत सरांकडचे पैसे मिळाले तर माझी मान ताठ राहील. नाही मिळाले तर हात पसरावा लागेल, आणि तो माझ्या जावेपुढं पसरावा लागेल.

जाऊ शेजारीच राहते. आम्ही बायका बिड्या वळायला जमायचो त्या ओट्यावरही माझ्या शेजारीच बसायची. ती म्हणाली, "मुंग्यांला गूळ घालाय पैसा हाय आणि तुला द्यायला न्हाय व्हय? तूबी त्यातलीच एक मुंगी झालीस बग. त्यो गूळ सरकवतो आणि तू चालतीस मागं."

बोलली ते अगदीच खोटं नव्हतं. हमरस्त्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला कामाला विचारलं होतं, एक तारखेला पगार. मी मनाशी ठरवलं, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत बघायचं. तोवर वारूळ पास झालं तर ठीक, नाहीतर सरांचं काम सोडायचं आणि जावेपुढं हात पसरायचा. पण सोडायचं म्हटलं की मला तो मुंग्यांचा कोपरा आठवायचा. डॉक्टरीणबाईंचं घर काचेसारखं स्वच्छ होतं.

दर रविवारी दुपारी सरांकडे खेळायला माणसं यायची. एक औषधाच्या दुकानाचे मालक, सगळे त्यांना शेठ म्हणत. एक इंजिनिअरिंगची मुलगी, केस आखूड, पण माझ्याशी फार नीट बोलायची, मला काकू म्हणायची. आणखी एक-दोघं यायचे-जायचे. राक्षस लिहून झाला की तो आधी यांच्यावर चालवून बघायचा. सर सांगायचे समोर काय दिसतंय, ते सांगायचे आम्ही काय करतो, मग फासे पडायचे. मी चहा ठेवून दाराशी उभी राहून बघायचे.

वारुळाची पंचाईत अशी होती की ते सरांनी चालवलं की सगळ्यांना कळायचं. सरांचा चेहरा म्हणजे उघडं दुकान. कुठला किडा कुठून येणार हे त्यांच्या भुवयांवरच लिहिलेलं असायचं. एका रविवारी सर वैतागून म्हणाले, वारूळ बोलत नाही. या घरात न बोलणारं माणूस कोण आहे? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

मला पळून जावंसं वाटलं. पण त्या मुलीनं उठून मला तिची खुर्ची दिली. सरांनी टेबलावर शर्टाच्या बटणांचा डबा ओतला, म्हणाले, हे किडे, हवे तेवढे घ्या, बोलायचं काही नाही, फक्त सरकवायचे. मी आठ घेतले. आठच का ते मला तेव्हा कळलं नाही. प्रत्येक बटणाला दहा जीव, कागदावर दहा रेघा. शेठनी पहिल्याच झटक्यात एका बटणावर आग सोडली. सहा जीव गेले म्हणाले. मी त्याच्या सहा रेघा खोडल्या नाहीत. सहा बटणांची एकेक खोडली.

"ताई, हे काय केलं?" सरांनी विचारलं.

सगळे बघत होते. मी टेबलाकडे बघत म्हटलं, "वाटून घेतलं."

सरांनी जवळ येऊन हळूच विचारलं, तेव्हा मी त्यांच्यापुरतं सांगितलं. कारखान्यातून हजार बिड्यांची पानं तोलून मिळायची. कोणाच्या वाट्याला खराब पान आलं की तिची खोट यायची. मग बाकीच्या सगळ्या चार-चार पानं तिच्या सुपात टाकायच्या. कोणी कोणाला सांगत नसे. सूप हलकं दिसलं की हात आपोआप जायचा.

सरांनी खेळणाऱ्यांना सांगितलं, चालू द्या. संध्याकाळचा दिवा लावायची वेळ झाली तरी माझं एक बटण मेलं नव्हतं. शेठ घामाघूम. म्हणाले, "सर, हा राक्षस नाही, ही महागाई आहे. हिला मारायचं कुठून?" सगळे हसले. मीही हसले, पदराआड.

सरांनी राणी काढून टाकली आणि वारूळ नव्यानं लिहून पाठवलं. या वेळी परत आलं नाही, पत्र आलं. सरांनी मला वाचून सांगितलं. असा राक्षस आम्ही बघितला नाही, पण तो मरतो कसा? ज्याला मरण नाही तो आमच्या पुस्तकात बसत नाही. महिनाभरात कळवा, नाहीतर त्या जागी दुसरा राक्षस घेऊ.

मग सरांचं खाणंपिणं गेलं. आग लावून बघितली, पाणी ओतून बघितलं, मंत्र घालून बघितला. कागदावर सगळं, पण चेहरा असा की स्वतःच जळतायत, बुडतायत. भाकरी तशीच राहायची आणि मुंग्यांचा रोजच बाजार व्हायचा. एक तारखेला आठवं पाकीट मिळालं. त्यावर आठ मुंग्या होत्या आणि एकीही नीट आली नव्हती. एकीला पाच पाय. पाच पायांची मुंगी सर काढतील असं मला कधी वाटलं नव्हतं. घरी मुलीचा फोन आला होता, सासूबाई विचारतायत कधी न्यायला येणार. पोर आठव्यात होती.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. सर मागे पाटावर येऊन बसले. हात पिठात आणि पाठ माणसाकडे असली की मला बोलता येतं. हे सरांना माहीत होतं, त्यांना काही विचारायचं असलं की ते भाकरीची वेळ धरून यायचे. म्हणाले, "ताई, तुमचा तो ओटा कधी हरला होता का?"

मी म्हटलं, "एकदा हरला होता की. चोवीसच्या दिवशी."

मग मी सांगितलं ते असं. आमच्या ओट्यावर आठ जणी. त्यात नरसव्वा सगळ्यात मोठी, विणकरांच्या घरातली, बोली तेलुगू. दिवसभर टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून वळायचं, संध्याकाळी कट्टे बांधायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, हजाराचे चाळीस. मोजायचं काम नरसव्वाचं. ती तेलुगूत मोठ्यानं मोजायची, एका आकड्याला प्रत्येकीनं एक बिडी पुढं ठेवायची, पंचविसाला दोरा. मला अजून तेलुगू मोजता येतं ते पंचवीसपर्यंतच. पुढचं कधी लागलं नाही.

त्या दिवशी नरसव्वा सोळानंतर एकदम अठरा म्हणाली. पदहारू, पद्देनिमिदी. सतरा तिच्या जिभेवरून कुठं गेला देव जाणे. आणि एकदा नाही, प्रत्येक कट्ट्याला तसंच. आम्ही आठ जणी ठेवत गेलो, बांधत गेलो. शेवटी माझे एक्केचाळीस कट्टे झाले आणि वर सोळा बिड्या उरल्या. मला वाटलं आज हाताला बरकत आली. मी कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. पुढं कळलं की आठही जणींचे एक्केचाळीसच झाले होते आणि आठही त्याच कारणानं गप्प बसल्या होत्या.

सकाळी कारखान्यात चेकरनं एक कट्टा सोडून मोजला, चोवीस. दुसरीचा सोडला, चोवीस. तो म्हणाला, तुम्ही ठरवून चोरी केली, आठही जणींची कामाची कार्डं जमा करतो. आम्ही काय सांगणार? चूक झाली म्हणावं तर आठ जणींची एकच चूक कशी होईल? शेवटी हातापाया पडून तिथल्याच व्हरांड्यात सगळे कट्टे सोडून पुन्हा बांधले. मोठ्यानं मोजायची कोणाची छाती झाली नाही, जी ती ओठात मोजत होती. दुपार झाली. परत येताना नरसव्वा रस्त्यात थांबून म्हणाली, "माजा सतरा कुटं गेला गं?" आणि आम्ही इतक्या हसलो की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं.

तव्यावरची भाकरी मी उलटली. मग ते म्हणाले, "पण ताई, प्रत्येकीला मोजता येत होतं ना?"

"येत होतं की," मी म्हटलं. "म्हणून तर कुणीच मोजलं न्हाय."

मागून आवाज आला नाही म्हणून वळून बघितलं तर पाट रिकामा. आत टाइप केल्याचा टकटक आवाज. थोड्या वेळानं सर आले, तव्यावरून गरम भाकरी हातानंच उचलली, शेंगाचटणी घेतली आणि उभ्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

त्या रविवारी परत मला खुर्चीवर बसवलं. नवा नियम सरांनी मला एकटीला सांगितला, खेळणाऱ्यांना नाही. वारुळातल्या एकानं जे खरं मानलं ते बाकीचे तपासत नाहीत. शेठनी नेहमीसारखी आग सोडली, मी नेहमीसारखी वाटून घेतली. तासभर तेच. ती मुलगी मात्र काही करत नव्हती, नुसती माझ्या बटणांकडे बघत होती. मग म्हणाली, "पुढचा थांबला की मागचे थांबतात. मागचे स्वतः बघतच नाहीत. बरोबर ना, काकू?" मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

तिनं एक बटण मारलं नाही, धरलं. म्हणाली, मी याच्या शेजारी बसते. याच्याबरोबर पावलं मोजत चालते. पंधरा, सोळा. पुढं विहीर आहे, पण मी मनात म्हणते, जमीन आहे. फासा पडला, वीस, सगळ्यात मोठा आकडा. त्या बटणानं खरं मानलं.

सरांनी टेबलावर स्टीलची वाटी ठेवली होती, ती विहीर. नियम माझ्या हातात होता. मी पहिलं बटण वाटीत सरकवलं. मग दुसरं. टण, टण, एकेक करून आठही. कोणी हसलं नाही. मला उगाच आमचा ओटा डोळ्यासमोर आला. बटणं होती ती, मला ठाऊक होतं.

सर वाटीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. सर टाळी वाजवून उभे राहिले आणि गच्चीवर शिक्षेत असलेले सगळे फासे माफ करून खाली घेऊन आले.

पास झाल्याचं उत्तर यायला तीन आठवडे लागले, पैसे यायला आणखी काही दिवस. तोवर गड्ड्याची जत्रा लागली होती आणि मुलगी येऊन दोन दिवस झाले होते, जावई सोडायला आलेले. मी डॉक्टरीणबाईंना काही कळवलं नव्हतं आणि जावेला काही मागितलं नव्हतं. नुसती रोज उद्यावर ढकलत होते. त्या दिवशी दुपारी सर आमच्या गल्लीत आले. पहिल्यांदाच. पायात चप्पल होती, पण शर्टाला दोनच बटणं. बाकीची वारुळात गेली असणार.

ओट्यावर बिड्या चालू होत्या. सर सरळ नरसव्वाजवळ गेले, वाकून नमस्कार केला आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसले. नरसव्वाला काही समजेना, तिनं आशीर्वाद देऊन टाकला. मला बोलावून सर म्हणाले, आठ महिने झाले, अडीच हजारांप्रमाणे वीस हजार, पाचशेच्या चाळीस नोटा. सगळ्यांसमोर मोजतो, म्हणजे माझी लाज सगळ्यांसमोर फिटेल. जाऊ मान उंचावून बघायला लागली. जावई दारात, मुलगी त्यांच्या मागे. मला जमिनीत जावंसं झालं.

सर मोठ्यानं मोजत एकेक नोट माझ्या पदरात टाकायला लागले. एक, दोन, तीन. ओट्यावरचे हात थांबले. बायकांचे ओठ सरांबरोबर हलत होते, नरसव्वाचेही. चौदा, पंधरा, सोळा, अठरा.

कोणी काही बोललं नाही. जाऊ बघत होती, जावई बघत होते, आठ-दहा माणसं मोजत होती. सरांनी पुढची नोट उचलली होती.

"सर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा निघाला. "सतरा राहिला."

सरांचा हात तसाच थांबला. सगळ्यात आधी नरसव्वा हसली, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकेक करून ओटा हसला. जाऊ हसायचं नाही म्हणून तोंड फिरवून बसली, पण तिचे खांदे हलत होते.

सर चुकून विसरले की मुद्दाम, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. एरवी ते उघडं दुकान, त्या दिवशी शटर खाली होतं. हातातली नोट त्यांनी मागच्या नोटेशेजारी ठेवली आणि म्हणाले, "सतरा, अठरा. बरोबर?" मी मोठ्यानं म्हटलं, "बरोबर." तिथून पुढं त्यांच्याबरोबर मीही मोजत गेले, ओठात नाही, आवाजात. एकोणचाळीस. चाळीस. सगळे पैसे पदरात आले, एक नोट कमी नाही, एक जास्त नाही.